एकमेकांवर चढलेल्या वेळा तोडायच्या कशा : नव्या प्रोग्रामरसाठी

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेला, होनग्याला लहान-मोठ्या मशीन शॉपच्या रांगा आहेत. त्यातल्या एखाद्या शेडचं रजिस्टर उघडा. कुठलं मशीन किती वाजता चालू झालं आणि किती वाजता बंद झालं, एवढंच ओळीनं लिहिलेलं असतं. मालकाला त्यातून दुसरंच काही हवं असतं. अमुक वेळेला शेडवर एकूण लोड किती होता, आणि तो कोणाकोणामुळे होता? मोठं कनेक्शन असलेल्या कारखान्याला हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, बिलात युनिटांबरोबर मागणीचाही (एका वेळी लोड किती चढला त्याचा) आकार भरावा लागतो, त्यामुळे सगळी मशीनं एकाच वेळी कधी चालतात हे कळलं तर पैसे वाचतात. अडचण अशी, की रजिस्टर मशीनप्रमाणे लिहिलेलं असतं आणि प्रश्न वेळेप्रमाणे विचारलेला असतो.

या दोन्हींची सांधेजोड करणाऱ्या कामाला प्रोग्रामिंगमध्ये ओव्हरलॅप होणारे इंटरव्हल तोडणं म्हणतात. प्रत्येक मशीनची वेळ म्हणजे एक पट्टी समजा. पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. जिथं कुठल्याही पट्टीची कड येते तिथं सगळ्या पट्ट्या कापायच्या आणि मिळालेल्या प्रत्येक तुकड्यावर त्या वेळी कोण कोण चालू होतं ते लिहायचं. मग कुठलेही दोन तुकडे एकमेकांवर येत नाहीत, आणि लोड विचारला की थेट तुकड्यावर बोट ठेवता येतं.

पायथनमध्ये यासाठी इंटरव्हलट्री नावाची लायब्ररी आहे आणि तिच्यात हे काम एका ओळीत होतं. पण त्या ओळीच्या आधी दोन गोष्टी आपल्या आपण पक्क्या कराव्या लागतात : कड कोणाच्या वाट्याला जाते, आणि तुकड्यावर नाव कोणतं लिहायचं. यात चूक राहिली तर एरर येत नाही. उत्तर येतं, नीटनेटकं दिसतं आणि चुकीचं असतं. म्हणून या लेखात त्या ओळीपेक्षा तिच्या आगेमागेच जास्त लिहिलं आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून बीसीए किंवा डिप्लोमा करत असलेले, पायथनमध्ये लिस्ट, डिक्शनरी आणि लूप एवढं येणारे वाचक मी डोळ्यांसमोर धरले आहेत. शाळा मराठीतून आणि पुढचं सगळं इंग्रजीतून, अशा मुलामुलींना हे आपल्या भाषेत एकदा नीट वाचायला मिळावं असं मला मनापासून वाटतं. की-बोर्डवर अर्थातच लायब्ररीची इंग्रजी नावं टाइप करायची आहेत. इथं ती मी उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

पहिली पायरी : वही आणि पेन

कॉम्प्युटर उघडायच्या आधी एक छोटं उदाहरण हातानं सोडवा. उदाहरणासाठी बनवलेलं रजिस्टर असं :

लेथ : ९ ते १३, ५ एचपी
कॉम्प्रेसर : १० ते १२, १० एचपी
मिलिंग : ११ ते १५, ७.५ एचपी
ग्राइंडर : १२ ते १३, २ एचपी

मोटरच्या पाटीवरचा एचपी म्हणजे प्रत्यक्षात ओढलेली वीज नव्हे, हे मेस्त्री तुम्हाला पहिल्याच वाक्यात सांगतील आणि त्यांचं बरोबर आहे. पण कोण कोणाबरोबर चालू होतं हे समजून घ्यायला पाटीवरचा आकडा पुरतो.

आता चारही ओळींतल्या सगळ्या कडा एका ओळीत चढत्या क्रमानं लिहा आणि दोनदा आलेली एकदाच ठेवा : ९, १०, ११, १२, १३, १५. लागोपाठच्या दोन कडांमधली जागा म्हणजे एक तुकडा. प्रत्येक तुकड्यासाठी रजिस्टर वरपासून खालपर्यंत वाचून कोण चालू होतं ते बघा :

९ ते १० : लेथ, एकूण ५
१० ते ११ : लेथ, कॉम्प्रेसर, एकूण १५
११ ते १२ : लेथ, कॉम्प्रेसर, मिलिंग, एकूण २२.५
१२ ते १३ : लेथ, मिलिंग, ग्राइंडर, एकूण १४.५
१३ ते १५ : मिलिंग, एकूण ७.५

सगळ्यात जास्त लोड ११ ते १२ या तासात, २२.५ एचपी. चार ओळींचे पाच तुकडे झाले. ‘न’ ओळी असतील तर कडा जास्तीत जास्त २न आणि तुकडे जास्तीत जास्त २न−१ होतात. म्हणजे इथं सातपर्यंत जाऊ शकले असते, पण १२ आणि १३ या कडा दोन-दोन ओळींत सामाईक आहेत म्हणून पाचच झाले. ही वही जपून ठेवा. पुढं प्रोग्राम बरोबर चालतोय का, हे ताडून बघायला हाच कागद लागणार आहे.

दुसरी पायरी : बारा वाजले तेव्हा कोण चालू होतं?

वरच्या उदाहरणात बारा वाजता कॉम्प्रेसर बंद होतो आणि बारालाच ग्राइंडर सुरू होतो. मग ठीक बारा वाजता दोन्ही चालू होते का? मेस्त्रींना विचारलंत तर उत्तर सरळ येईल : “कॉम्प्रेसर बंद केला, मग ग्राइंडर लावला.” पण प्रोग्रामला हे कोणी सांगितलेलं नसतं. सुरुवात आणि शेवट या दोन्ही कडा पट्टीत धरल्या तर ठीक बाराच्या क्षणी चारही मशीनं चालू दिसतात आणि लोड २४.५ एचपी येतो. असा लोड शेडवर कधीच नव्हता. पण रिपोर्टमध्ये दिवसाचा सर्वांत मोठा आकडा म्हणून तोच छापला जातो, आणि त्यावरून मालक ग्राइंडरचं काम उगीच दुपारनंतर ढकलतात.

उपाय एकच आहे आणि तो सवयीचा करून घ्यावा : सुरुवातीची कड आत, शेवटची कड बाहेर. ९ ते १३ म्हणजे ९ धरून आणि १३ सोडून. बेळगावहून लोंढ्याला जाणाऱ्या बसमध्ये एक प्रवासी खानापूरला उतरतो आणि त्याच सीटवर खानापूरला चढलेला बसतो. दोघांची तिकिटं खानापूरपाशी भिडतात, पण सीटवर भांडण होत नाही. एक कड आत, एक बाहेर अशा या ‘अर्ध्या उघड्या’ इंटरव्हलचं हेच काम आहे. शिवाय शेवटातून सुरुवात वजा केली की लांबी थेट मिळते, कुठंही एक वाढवा-कमी करा करत बसावं लागत नाही.

इंटरव्हलट्री लायब्ररी हाच नियम पाळते, आणि तो बदलायची सोय तिच्यात नाही. म्हणून प्रश्न एवढाच उरतो, की तुमचं रजिस्टर या नियमात बसतं का. घड्याळाच्या वेळा बहुधा बसतात. तारखा बसत नाहीत. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

तिसरी पायरी : रजिस्टरमधली वेळ मिनिटांत आणणं

ही पायरी पुस्तकांत सहसा नसते, पण सीमाभागात काम करताना निम्मा वेळ इथंच जातो.

आकडे पूर्णांकात ठेवा. मध्यरात्रीपासून किती मिनिटं झाली ते मोजा : ९ म्हणजे ५४०, १० म्हणजे ६००, ११ म्हणजे ६६०, १२ म्हणजे ७२०, १३ म्हणजे ७८०, १५ म्हणजे ९००. तास दशांशात ठेवले तर नऊ वाजून वीस मिनिटं म्हणजे ९.३३३… होतात. दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं काढलेल्या अशा आकड्यांत कुठंतरी सूक्ष्म फरक पडतो, आणि मग तुकड्यांच्या यादीत सेकंदाच्याही अंशाएवढे कपटे दिसायला लागतात.

आपल्याकडच्या रजिस्टरात आकडे तीन लिप्यांत सापडतात : कोणी मराठी आकडे लिहितो, कोणी कन्नड, कोणी इंग्रजी, आणि कधी एकाच पानावर तिन्ही. चांगली गोष्ट अशी, की पायथनचं ‘इंट’ हे फंक्शन या तिन्ही लिप्यांतले आकडे वाचतं. मजकूर म्हणून आलेलं ‘१२’ त्याला द्या, बारा ही संख्या मिळते. कन्नड आकड्यांचंही तसंच. वेगळं भाषांतर करायची गरज नाही. मात्र प्रोग्रामच्या ओळीत थेट संख्या लिहिताना इंग्रजी आकडेच लागतात. आणि वेळ वाचण्यासाठी असलेल्या ‘एसटीआरपीटाइम’सारख्या तयार फंक्शनच्या भरवशावर इथं राहू नका, त्यांना सगळ्या लिप्यांतल्या वेळा नीट वाचता येतीलच असं नाही. तास आणि मिनिटं स्वतः तोडून ‘इंट’ला देणं सुरक्षित.

तोडायचं कुठं? इथं डोळ्यांना न दिसणारी एक खोच आहे. मराठीत टाइप करणारे बरेच जण ९:३० लिहिताना दोन टिंबांच्या जागी विसर्ग टाकतात. पडद्यावर फरक जवळजवळ कळत नाही, पण कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळी चिन्हं आहेत. त्यामुळे आधी विसर्गाचं दोन टिंबांत रूपांतर करून घ्या. कोणी ९.३० असं टिंब देऊन लिहितं. तेही दोन टिंबांत बदला, आणि हा मजकूर चुकूनही दशांश संख्या म्हणून वाचू नका. ९.३० ही दशांश संख्या झाली तर ९.३ तास, म्हणजे नऊ वाजून अठरा मिनिटं. बारा मिनिटं गेली आणि एररही आला नाही.

मग रात्रपाळी. २२ ते ६ ही ओळ मिनिटांत १३२० ते ३६० होते, म्हणजे शेवट सुरुवातीच्या आधी. अशी पट्टी इंटरव्हलट्री घेतच नाही, ‘व्हॅल्यू एरर’ देऊन थांबते. हे तिचं थांबणं उपकारक आहे. शेवटात १४४० मिळवा, पट्टी १३२० ते १८०० होते आणि हिशोब मध्यरात्रीपलीकडे सरळ चालू राहतो.

पण शेवट लहान दिसला की १४४० मिळवायचे, असा सरसकट नियम लावू नका. आपल्याकडे लेथची वेळ ‘९ ते १’ अशीच लिहितात, ९ ते १३ असं कोण लिहितं? तिथं १४४० मिळवलेत तर सकाळी नऊला सुरू झालेला लेथ रात्री एकपर्यंत, सोळा तास चालला असं दिसेल. आणि ‘१० ते ६’ ही ओळ तर दिवसपाळीही असू शकते, रात्रपाळीही. दोन्हीकडे आठच तास भरतात, त्यामुळे लांबी बघूनही कळत नाही. याला प्रोग्राममध्ये उत्तर नाही. रजिस्टरात पाळीचा एक रकाना वाढवून घ्या, आणि तो भरलेला नसेल तर ती ओळ प्रोग्रामनं बाजूला काढून माणसाला दाखवावी. प्रोग्रामनं अंदाज करू नये, असं माझं ठाम मत आहे. चुकलेला अंदाज नंतर कोणी शोधत बसत नाही.

एक सुख मात्र आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे घड्याळ एकच आहे आणि भारतात उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत. त्यामुळे कोल्हापूरच्या पार्टीचं रजिस्टर आणि बेळगावचं रजिस्टर एकाच मोजपट्टीवर बसतं.

चौथी पायरी : लायब्ररी

टर्मिनलवर ‘पिप इन्स्टॉल इंटरव्हलट्री’ ही ओळ द्या. इंटरव्हल आणि ट्री हे शब्द जोडून, लहान इंग्रजी अक्षरांत. प्रोग्राममध्ये मात्र त्या लायब्ररीतून ‘इंटरव्हलट्री’ हा क्लास आयात करताना इंटरव्हलचा आय आणि ट्रीचा टी मोठा येतो. नवख्यांची पहिली अर्धी चिडचिड इथंच होते.

मग एक रिकामं ट्री बनवा आणि ‘ॲडआय’ या मेथडनं एकेक ओळ आत घाला. तिला तीन गोष्टी द्यायच्या : सुरुवात, शेवट आणि डेटा. लेथसाठी ५४०, ७८० आणि डेटा म्हणून मशीनचं नाव व एचपी यांची जोडी. चार ओळी, चार वेळा ॲडआय.

आता ती एक ओळ : ट्रीवर ‘स्प्लिट ओव्हरलॅप्स’ ही मेथड चालवा, दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर. ही मेथड नवीन ट्री परत देत नाही, आहे त्याच ट्रीमध्ये बदल करते. तिचं उत्तर दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घेतलंत तर तिथं ‘नन’, म्हणजे काहीच नाही, सापडेल आणि पुढची ओळ कोसळेल. मूळ पट्ट्या जपून ठेवायच्या असतील, आणि ताळा घ्यायला त्या लागतातच, तर आधी ‘कॉपी’ मेथडनं दुसरी प्रत काढून तिच्यावर कापाकाप करा.

‘सॉर्टेड’ लावून ट्री छापा. इंटरव्हलट्री आतून संच आहे, त्यामुळे सॉर्ट न करता छापलंत तर क्रम कसाही येईल. किती तुकडे आले? वहीत पाच होते, इथं दहा येतात. घाबरू नका. लायब्ररीनं प्रत्येक मशीनची पट्टी वेगळी ठेवून कापली आहे : लेथचे चार तुकडे, कॉम्प्रेसरचे दोन, मिलिंगचे तीन, ग्राइंडरचा एक. ११ ते १२ हा तुकडा तीनदा आलाय, तीन मशीनांच्या नावानं. एकाच कडांचे तुकडे आपण एकत्र बांधायचे.

त्यासाठी मला डिक्शनरीच आवडते. सुरुवात-शेवट ही जोडी किल्ली, आणि किंमत म्हणून मशीनांची यादी. ट्रीतल्या प्रत्येक तुकड्यासाठी त्याच्या किल्लीच्या यादीत डेटा टाकत जा. शेवटी पाच किल्ल्या उरतात आणि वहीशी जुळतात. लायब्ररीत ‘मर्ज इक्वल्स’ नावाची मेथडही आहे, तिला डेटा कसा एकत्र करायचा ते सांगणारं फंक्शन द्यावं लागतं. ती वापरायला हरकत नाही, पण पहिल्यांदा डिक्शनरी लिहा. काय चाललंय ते दिसतं.

‘मर्ज ओव्हरलॅप्स’ मात्र वेगळी. नाव सारखं वाटतं, पण काम उलटं : एकमेकांवर चढलेल्या पट्ट्या ती जोडून एक करते. आपल्या रजिस्टरवर चालवलीत तर ९ ते १५ अशी एकच पट्टी उरते. शेड एकूण किती ते किती चालू होतं एवढंच विचारलं असेल तर तेही उपयोगाचं उत्तर आहे, पण लोड त्यात कळत नाही.

पाचवी पायरी : तुकड्यावर पूर्ण नाव

समजा शेडमध्ये ५ एचपीचे दोन लेथ आहेत आणि ९ ते १३ दोन्ही चालू आहेत. लोडची बेरीजच तर करायची आहे, म्हणून तुम्ही डेटामध्ये नाव न घालता फक्त ५ हा आकडा घातलात. ट्री हा संच आहे. ५४०, ७८०, ५ ही त्रयी एकदा आत गेली की तीच दुसऱ्यांदा घालून काही फरक पडत नाही. दोन लेथचा एक लेथ झाला, १० एचपीचे ५ झाले.

वेळा वेगवेगळ्या असतील तर हे आणखी आडून येतं. एक लेथ ९ ते १२, दुसरा १० ते १३. ट्रीत घालताना दोन पट्ट्या दोनच राहतात, सगळं ठीक दिसतं. तोडल्यावर दोघांचाही १० ते १२ असा तुकडा होतो, दोघांवरही ५ लिहिलेलं असतं, आणि दोनाचा एक होतो. नेमक्या त्याच तुकड्यात लोड निम्मा दिसतो, जिथं तो सगळ्यात जास्त असायला हवा.

म्हणून डेटामध्ये प्रत्येक मशीनची ओळख एकमेव हवी : ‘लेथ १’, ‘लेथ २’, किंवा शेडमध्ये मशीनवर रंगानं लिहिलेला नंबर. रजिस्टरच्या ओळीचा क्रमांकही चालतो. उलट तोच तर जास्त भरवशाचा, कारण नाव लिहिणारा माणूस एकदा ‘मिलिंग’ लिहितो आणि एकदा ‘मीलिंग’.

सहावी पायरी : लाईट गेली तर

रजिस्टरमध्ये लेथ ९ ते १३ लिहिलंय, पण मध्ये साडेदहा ते दहा पन्नास लाईट नव्हती. ही वीस मिनिटं कोणी मशीनप्रमाणे लिहीत नाही, पानाच्या कोपऱ्यात एकदाच नोंद असते. लायब्ररीत यासाठी ‘चॉप’ आहे : ६३० ते ६५० एवढा भाग द्यायचा, आणि त्या वेळेतून जाणाऱ्या सगळ्या पट्ट्या तेवढ्या जागेत कापून निघतात. लेथच्या दोन पट्ट्या होतात, कॉम्प्रेसरच्याही दोन. मिलिंग आणि ग्राइंडर तेव्हा सुरूच झाले नव्हते, त्यांना धक्का लागत नाही. चॉप आधी करा, मग तोडा. वाचणाऱ्यालाही तो क्रम समजायला सोपा जातो.

आता एकत्र बांधल्यावर एकूण तुकडे सहा होतात आणि १०:३० ते १०:५० मध्ये पोकळी राहते. लायब्ररी पोकळीसाठी तुकडा बनवत नाही. तक्त्यात ‘लोड शून्य’ अशी ओळ हवी असेल तर लागोपाठच्या तुकड्यांमध्ये फट दिसली की ती ओळ आपणच भरायची.

ताळा

इथं थोडं थांबा, कारण सगळ्या लेखातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. तोडल्यानं काही वाढत नाही आणि काही कमी होत नाही. म्हणून मूळ रजिस्टरमधून प्रत्येक ओळीचे तास गुणिले एचपी काढा : लेथ २०, कॉम्प्रेसर २०, मिलिंग ३०, ग्राइंडर २. बेरीज ७२. आता तुकड्यांवरून तेच काढा : ५, १५, २२.५, १४.५ आणि शेवटचा दोन तासांचा तुकडा १५. बेरीज ७२.

लाईट गेलेली वीस मिनिटं १५ एचपी चालू होते, म्हणजे ५ एचपी-तास कमी व्हायला हवेत. चॉप केल्यावर बेरीज ६७ यायला हवी, आणि येते.

हा ताळा प्रोग्राममध्येच ‘असर्ट’ (अट खोटी ठरली की प्रोग्राम थांबवणारी ओळ) म्हणून कायमचा लिहून ठेवा. दोन लेथचा एक झाला, तर इथं पकडलं जातं. ९.३० चे ९.१८ झाले, ते मात्र इथं कळणार नाही, कारण चूक दोन्ही बाजूंना सारखीच जाते. त्यासाठी रजिस्टरची चार-पाच पानं वाचून मिनिटांचे आकडे डोळ्यांनीच तपासायला हवेत. बाराच्या कडेची चूकही बेरजेत दिसत नाही, कारण एका क्षणाची लांबी शून्य. तिच्यासाठी वेगळी चाचणी ठेवा : ट्रीला ७२० या क्षणी कोण आहे असं विचारा. लेथ, मिलिंग, ग्राइंडर अशी तीनच नावं यायला हवीत.

लायब्ररीशिवाय

लोडचा आकडा तेवढाच हवा असेल, नावं नको असतील, तर लायब्ररीची गरजच नाही. निदान एकदा तरी हे हातानं लिहावं :

प्रत्येक ओळीतून दोन घटना बनवा : (सुरुवात, +एचपी) आणि (शेवट, −एचपी)
सगळ्या घटना वेळेप्रमाणे लावा
लोड = ०, मागची वेळ = पहिल्या घटनेची वेळ
प्रत्येक घटनेसाठी :
  घटनेची वेळ मागच्या वेळेपेक्षा मोठी असेल तर (मागची वेळ, घटनेची वेळ, लोड) हा तुकडा लिहा
  लोडमध्ये घटनेचा आकडा मिळवा
  मागची वेळ = घटनेची वेळ

पायथनमध्ये घटना जोडी म्हणून ठेवल्या आणि साधं सॉर्ट केलं तर एकाच वेळेच्या घटनांत वजावाली आधी येते. (७२०, −१०) आधी, (७२०, +२) नंतर. म्हणजे कॉम्प्रेसर आधी बंद, मग ग्राइंडर चालू, मेस्त्रींनी सांगितलं तसंच. क्रम उलटा झाला तर तुकडे बिघडत नाहीत, पण चालता चालता कमाल लोड टिपत असाल तर तो २४.५ चा खोटा आकडा परत हजर होतो.

ही पद्धत वेगानंही चांगली. वेळ लागतो तो मुख्यतः सॉर्ट करायला. स्प्लिट ओव्हरलॅप्स मात्र प्रत्येक मशीनचा प्रत्येक तुकडा वेगळा ठेवते, त्यामुळे शेकडो पट्ट्या सगळ्याच एकमेकींवर असतील तर तुकडे ओळींच्या संख्येच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढतात. एका शेडच्या महिन्याच्या रजिस्टराला याची काळजी करायचं कारण नाही. सेन्सरवरून दर मिनिटाला नोंद येत असेल तर करावी.

दुसरीकडे काय मिळतं

पायथनमध्येच ‘पोर्शन’ नावाची लायब्ररी आहे, तिचं आधीचं नाव पायथन-इंटरव्हल्स. तिच्यात कड आत की बाहेर हे प्रत्येक पट्टीसाठी वेगळं सांगता येतं. गणिताच्या अंगानं काम असेल तर ती घ्या. सी प्लस प्लसमध्ये बूस्ट लायब्ररीच्या आयसीएल या भागातला इंटरव्हल मॅप पट्ट्या घालता घालताच तोडतो आणि बेरीजही करतो. जावावाल्यांनी गुआवा लायब्ररीच्या रेंजमॅपपाशी जपून असावं : तिथं साध्या ‘पुट’नं नवीन पट्टी घातली की जुनीचा तेवढा भाग पुसला जातो. लोडच्या कामाला ते चालणार नाही, पण त्या त्या दिवशी कुठला दर लागू आहे यासाठी तेच हवं असतं. आर या भाषेत जनुकांच्या अभ्यासासाठी बनलेल्या आयरेंजेस पॅकेजात ‘डिसजॉइन’ आहे. तिथं दोन्ही कडा आत असतात, हे विसरू नका. डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येच असेल तर २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून रेंज हा प्रकार आहे आणि २०२१ च्या १४ पासून अनेक तुकड्यांची मल्टिरेंजही आहे.

तारखा

आता राहिलेली गोष्ट. शेत खंडानं दिलं, ‘१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५’. इथं ३१ मार्च हा दिवस आत आहे, त्या दिवशीचं पीकही खंडकऱ्याचंच. घड्याळाच्या वेळेसारखं हे थेट ट्रीत घातलंत तर ३१ मार्चचा दिवस कोणाच्याच नावावर राहत नाही आणि पुढच्या १ एप्रिलच्या करारापर्यंत एका दिवसाची फट पडते. म्हणून आत घालताना शेवटच्या तारखेत एक दिवस मिळवा : १ एप्रिल २०२४ ते १ एप्रिल २०२५, लांबी ३६५ दिवस. एका दिवसाच्या नोंदीला तर हे करावंच लागतं. जत्रेच्या दिवसापुरतं समाजमंदिर घेतलं असेल तर सुरुवात आणि शेवट एकच तारीख असते, आणि एक दिवस न मिळवता ती नोंद लायब्ररी नाकारते. तुकडे कागदावर छापताना शेवटातून तो दिवस परत वजा करा. पोस्टग्रेसची डेटरेंज आतून असंच करते, दोन्ही कडा आत धरून तारखा दिल्यात तरी साठवताना शेवट एक दिवसानं पुढं नेऊन बाहेर ठेवते. तिथून तारखा वाचून छापणार असाल तर वजाबाकी तुमच्याकडे राहते.